आपलं लॅटिन

१२ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. आई बरी आहे, मी बरी आहे, गच्चीतली टाकी अजून गळतेच आहे. दादाचा खोकला थांबला का? खिडकी उघडी टाकून झोपायची हौस आता पुरे म्हणावं त्याला. आणि तुझ्या लॅटिनच्या बाई कशा आहेत? त्यांचा गुडघा? बघ, मी गुडघ्याचीसुद्धा चौकशी केली. उगाच कोणी मला कोत्या मनाची म्हणायला नको.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तुला सगळं कळतं. तू विचारतेस, "काय झालंय?" मी म्हणते, "कुठे काय." मग दोघी गप्प बसतो आणि बिल चालू राहतं. कागदाला आवाज नसतो, तेच बरं.

तुझं रेकॉर्डिंग मिळालं. छान वाचलं आहेस. सलग, स्वच्छ. बाईंनी तुझ्यावर बरीच मेहनत घेतलेली दिसते. शेवटी त्यांचं "वा, सुरेख" पण ऐकू आलं. पुन्हा ऐकायला अजून सवड झाली नाही. नर्सरीत कुंड्या बदलायचं काम निघालंय, मान वर करायला वेळ नाही.

आपण वाचायचो तसं जुन्या पद्धतीने वाचून पाठव, बाईंना ऐकायचंय, असं तू लिहिलं आहेस. ते काही जमेलसं वाटत नाही. एक तर पुस्तक कुठे ठेवलंय ते आठवत नाही. शिवाय घरात मोठ्याने वाचलं की आईला त्रास होतो.

हे वाक्य लिहिताना आई पाठीमागे चष्मा पुसत उभी होती. म्हणाली, "मला कसला त्रास? मला धड ऐकू तरी येतं का? आणि पुस्तक तुझ्या उशीखाली आहे."

तर पुस्तक उशीखाली आहे.

खरं म्हणजे ते तू माझ्यासाठी आणलं होतंस. झाडांच्या पाट्यांवरची लॅटिन नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि गिऱ्हाइकं विचारायला लागली, "हे कसं म्हणायचं हो?" मला ऐन वेळी खोकला यायचा. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलीस, आणि दोन दिवसांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते आणलंस. नेमकी उच्चारांची पहिली पानं फाटलेली! फोनवर शोधलं असतं तर चुटकीसरशी कळलं असतं. मी फोन हातात घेतलाही होता. तूच तो काढून घेतलास. "नको गं वन्सं, ही भाषा बोलणारं आता उरलंय कोण? आपण म्हणू तो उच्चार."

मला चिडवायला तू ते जुनं 'वन्सं' म्हणायचीस. एरवी 'अगं'वर भागायचं. मी ते 'वन्सं' मनात जपून ठेवायचे, हे तुला कधी सांगितलं नाही.

चारच्या सुमाराला तू जेवणाच्या टेबलावर लोकांच्या पँटी आखूड करायला बसायचीस आणि मी नर्सरीतून येऊन समोर. एक वाक्य तुझं, एक माझं. 'सी' हे अक्षर आलं की क म्हणायचं की स, यावरून आपण मतदान घेतलं आणि दोघींत दोन पक्ष झाले. दादाला पंच नेमलं तर तो म्हणाला, "मेलेल्या भाषेत चूक काढायला कोण उठून येणार आहे?" त्या दिवशी त्याला चहा उशिरा मिळाला.

आणि त्या आडव्या रेघा! काही स्वरांच्या डोक्यावर होत्या, काहींच्या नव्हत्या. टाचण्यांचा डबा बाजूला सारून तू पुस्तक नाकाजवळ नेलंस. "यांच्याकडे शिरोरेषा रेशनवर मिळते वाटतं!" मग आपण ठरवलं की रेघ आली की आवाज वर न्यायचा. मधेच उंच, मधेच खाली. गॅलरीतून मुलांना हाका मारणाऱ्या बाईसारखं झालं होतं आपलं लॅटिन. दादा आतून ओरडायचा, "भांडताय की गाताय?"

मग त्याची बदली झाली. तुमच्या समोरच्या दाराआड निवृत्त प्राध्यापिका निघाल्या, त्याही नेमक्या लॅटिनच्या. माणसाचं नशीब तरी किती चांगलं असावं! पहिल्याच आठवड्यात तुझा फोन आला, "अगं, त्या रेघा आवाज वर न्यायच्या नाहीतच, स्वर लांबवायच्या आहेत. किती वेड्या होतो आपण!" मीही हसले. पण त्या वाक्यातलं 'होतो' मला लागलं. मी अजून होते ना तशीच.

तेव्हापासून तुझ्या बोलण्यात बाई असतात. बाई म्हणतात, बाई सांगत होत्या, बाईंकडे अमुक आवृत्ती आहे. परवा तू आमटीत मीठ कमी घालतेस असं म्हणालीस, तर तेही बाईंच्या सांगण्यावरून. बाईंना उच्चारांचं कळतं तर कळू दे. आता मिठातही त्याच?

नणंदांना भावजयीचं चांगलं बघवत नाही, असं लोक म्हणतात. तसं असतं तर सोपं होतं. दादा तुझ्या मागे-मागे असायचा तेव्हा मला कधी काही वाटलं नाही. तुझं शिकणंही मला बघवतं. तुला शिकवताना कोणीतरी दुसरं तुझ्या समोर बसतं, ते बघवत नाही. बघत नाही तरी बघवत नाही.

परवा नर्सरीत एक बाई आल्या. पाटीवरचं नाव त्यांनी अलगद, लांबवून, बरोबर वाचलं. आता तू वाचतेस तसं. रोप उचलून म्हणाल्या, "हे द्या." मी म्हणाले, "ते विकायचं नाहीये." मालक शेजारीच उभे होते. "विकायचं नाही? मग काय त्याला जेवायला बोलावलंय?" त्यांनी ते स्वतः बांधून दिलं. दिवसभर सगळे मला रोपाच्या जेवणावरून छेडत होते.

घरी येऊन आईला सांगितलं. तिला कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "लग्न तिचं दादाशी झालं, आणि रुसून बसलीस तू!"

पत्र इथेच संपवणार होते.

सोमवार

संपवलं नाही, कारण वर तीन गोष्टी खोट्या लिहिल्या आहेत. त्यांतल्या दोन आईने उघड्या पाडल्या. तिसरी मीच सांगते. तुझं रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. नर्सरीच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांवर बसून, इअरफोन कानात घालून. त्यात एक जागा आहे, तुझ्या लक्षात आली नसेल. जंगलातून जाणाऱ्या मुलीचा तो धडा. 'पुएल्ला सोला नोन एस्त', ती मुलगी एकटी नाही. तिथे 'सो'वर तुझा आवाज वर गेला. आपल्यासारखा, गॅलरीतून हाक मारल्यासारखा. लगेच बाईंचं "अं-हं" आलं. तू हसलीस आणि वाक्य पुन्हा, बरोबर वाचलंस.

ते हसू टेबलाशी बसून माझ्याबरोबर हसायचीस तेच आहे. ते तिकडेही आहे, याचा मला एवढा राग आला की मी फोन पोत्यावर आपटला. नंतर उचलून पुन्हा तीच जागा लावली. मी तेवढंच ऐकते. 'सो' वर जाईपर्यंत. "अं-हं"च्या आधी बंद करते.

तू लिहिलंस, "पाठव ना, खूप हसू आपण." त्या 'आपण'मध्ये मी आहे की बाई आहेत, एवढंच मला विचारायचं होतं. त्याला एवढी लांबड लागली.

आज संध्याकाळी मी वाचलं. टेबलाशी, माझ्याच खुर्चीत बसून. माझं पहिलं वाक्य झालं आणि सवयीने थांबले. समोर आई भाजी निवडत होती. मी थांबलेलं पाहून तिने वर बघितलं. तुझं वाक्य आपण वाचून टाकावं असं मनात आलं. तोंड उघडलं, पण नाही जमलं. मग तुझं वाक्य संपायला जितका वेळ लागतो तितकी गप्प राहिले आणि पुढचं माझं वाचलं. शेवटपर्यंत तसंच.

ते तुला फोनवर पाठवते आहे. पत्र हातात पडेपर्यंत तू ते लावलं असशील आणि यंत्र बिघडलंय म्हणाली असशील. बिघडलेलं नाही. गप्प जागा तुझ्या आहेत.

बाईंना ऐकवू नकोस. त्या चांगल्या आहेत, विद्वान आहेत, त्यांचा गुडघा बरा होवो. पण हे त्यांना द्यायचं नाही. त्या फिरायला जातील तेव्हा दार लाव, हातात कोणाची तरी पँट घे आणि मी थांबेन तिथे वाच. रेघ येईल तिथे वर जा. दादा ओरडला तर ओरडू दे.

बरोबर वाचायला तू शिकलीस, ते विसर असं मी म्हणत नाही. त्या एका 'सोला'वर मात्र चुकत राहा. बाईंनी कितीही "अं-हं" केलं तरी.

आवाज वर नेऊन थांबलेली,
तुझीच
वन्सं