तुम्ही निवडलेलं गाव

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. परवा ऑफिसातल्या एका बाईंनी मला विचारलं, पुण्याजवळ एखादं छोटंसं, छान गाव सुचवा, रिटायर झाल्यावर आम्हाला तिकडं राहायला जायचंय. मी शिरूरची, म्हणून मला. मी म्हटलं, आधी घरातल्या बाकीच्यांना विचारा. त्या हसल्या. मला हसू आलं नाही. घरी आले तरी डोकं शांत होईना, म्हणून हे लिहायला बसलेय.

शिरूर तुम्ही कसं निवडलंत ते मला पाठ आहे, कारण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही तेच सांगायचात. रेल्वेत सिग्नलचे फिटर म्हणून सगळी नोकरी दौंडला काढलीत. क्वार्टरच्या मागं कायम डब्यांची धडधड. मग कुणाच्या तरी लग्नाला म्हणून शिरूरला गेलात, घोडनदीच्या काठावर तासभर बसलात, पेठेतून एक चक्कर मारलीत आणि ठरवूनच परत आलात. "पुण्याची गर्दी न्हाई, आन् पुणं दीड तासावर. नगर त्याहून जवळ. माणसाला आनखी काय पाहिजे?" आई तेव्हा परातीत कणीक मळत होती. घर घेतलं, असं तुम्ही तिला सांगितलंत. घ्यायचं का, असं विचारलं नाहीत. मी बारावीत होते. मी म्हटलं, "आईला विचारलं का तुम्ही?" तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. "बायकापोरांना इचारत बसलो असतो, तर जल्मभर ह्या क्वार्टरातच सडलो असतो."

पण आई तिथं सडत नव्हती, आप्पा. खिडकीशी तिचं पायाचं मशीन होतं आणि दारात सतत कुणीतरी उभं असायचं. ड्रायव्हरची बायको, गार्डची सून, पलीकडच्या लाइनीतली खाला. सगळ्या तिला शिवणवाल्या वहिनी म्हणायच्या. मापाची वही तिला कधी लागली नाही. बाई दारात आली की तिच्या खांद्यांकडं बघून आई म्हणायची, "बारीक झालीस गं." आणि बाई खाली बसून रडायला लागायची. त्या मशीनसमोर किती जणी रडल्या असतील ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही ड्युटीवर असायचात.

शिरूरच्या घरात मशीन कोपऱ्यात गेलं. पेठेत लेडीज टेलर होतेच, आमच्या गल्लीत कोण येणार? "आता आराम कर की," तुम्ही म्हणायचात आणि सकाळ-संध्याकाळ घाटावर जायचात. तिथं तुम्हाला मित्र मिळाले. आई मशीनला तेल घालायची, पुसायची, वर चादर टाकायची. गल्लीत तिला सगळे फिटरसाहेबांच्या मिसेस म्हणायचे. वर्षभरानं ती वरवंडला मावशीकडं जायला लागली. दर आठवड्याला. तुम्हाला बरं वाटलं, बहिणीबहिणी भेटतात म्हणून. ती वरवंडला उतरतच नव्हती. चौफुल्याला एसटी बदलायची, सरळ दौंडला जायची आणि कापडं घेऊन यायची. तुम्ही घाटावर गेलात की मशीन सुरू व्हायचं. मला माहीत होतं. तिची पिशवी मीच स्टँडवर पोचवायचे. त्या वर्षात तिचा चेहरा बदलला होता. तुमच्या लक्षात आलं नाही.

आणि तुम्हाला ते मी सांगितलं. मला पुण्याला हॉस्टेलवर राहायचं होतं. तुम्ही म्हणालात, "रोज एसटीनं जा-ये कर. गाव त्यासाठीच तर निवडलंय." माझं डोकं सणकलं. "गाव तुम्ही तुमच्यासाठी निवडलंय. आई वरवंडला जात नाही, दौंडला जाते. तिथं तिला माणसं ओळखतात. तुमच्या ह्या गावात तिला कुत्रं विचारत नाही." तुम्ही चहा संपवलात, कप मोरीत नेऊन ठेवलात.

पुढच्याच आठवड्यात मी कॉलेजातून आले तर दारात टेम्पो उभा. मशीन वर चढवलेलं, आणि तुम्ही त्या माणसाला सांगताय, "पट्टा जपून हां." मग तुम्हाला मी दिसले. तुम्ही म्हणालात, "देऊन टाकलं. लोकांची कापडं शिवायची पाळी न्हाई आपल्यावर."

दिवेलागणीला आई आली. पिशवीत खालाच्या मुलीच्या लग्नाची कापडं, चार ब्लाउज आणि दोन पंजाबी ड्रेस. तिनं रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि कुकर लावला. तुम्हाला जेवायला वाढलं. तुम्ही जेवलात. दुसऱ्या दिवसापासून ती उजेडाला ओट्यावर बसली आणि सगळं हातानं शिवलं. बारीक उलटी टीप, बाहीसुद्धा. तिची बोटं सुजलेली मी बघत होते. तुम्ही तिच्या बाजूनं चप्पल घालून घाटावर जात होतात. नवव्या दिवशी मी तिच्याबरोबर दौंडला गेले. खालानं शिवणीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "भाभी, मशीन बिघड गया क्या?"

"व्हय," आई म्हणाली. "बिघडलं."

त्यानंतर तिनं सुई फक्त बटणापुरती घेतली. दौंडलाही परत गेली नाही.

तुम्ही मात्र गाव उपभोगलंत. तुम्ही गेलात तेव्हा घाटावरचे सगळे आले होते. माणूस राजासारखा राहिला म्हणाले. मी मान डोलावली. नंतर मी आईला म्हटलं, चल, दौंडला खोली बघू. "आता तिथं कोण हाय माझं? खालापण पोराकडं गेली." आई अजून तुमच्याच घरात एकटी राहते. पुढच्या रस्त्यावरून आता कंपन्यांच्या गाड्या जात असतात, ओट्यावर बसलं तर बोललेलं ऐकू येत नाही.

एक गोष्ट राहिली. ते मशीन गेलं त्या दिवशी, तुम्ही हात धुवायला उठलात तेव्हा आईनं मला हळूच विचारलं होतं, "ह्यांना कुणी सांगितलं गं?" मी म्हटलं, समोरच्या काकूंनी. तोंडात आलं ते बोलले. त्या गल्लीत आईकडं येणारी ती एकच बाई होती, वाटीभर कालवण घेऊन यायची. आईनं तिच्याशी बोलणं सोडलं ते कायमचं. गेल्या वर्षी काकू गेल्या. आई रस्ता ओलांडून गेली नाही. मी गेले, त्यांच्या मुलीजवळ बसले आणि उठून आले.

काल आईशी फोनवर बोलले. जेवलीस का विचारलं. ते सांगितलं नाही.