टाचण्या तोंडात धरून

प्रिय ताई,

फोन का उचलत नाहीस म्हणून तू तीनदा निरोप धाडलास. फोनवर तू लगेच रडतेस, आणि रडणं हे आता माझं ऑफिस झालंय, सुटीच्या दिवशी नको वाटतं. रागावू नकोस. आठवीत शाळा सोडलेला माणूस पत्र लिहायला बसलाय, म्हणजे काहीतरी तसंच असणार, एवढं समजून घे.

तुला वाटतं भाऊ मालिकांना संगीत देतो, म्हणजे मजेत असेल. मजा ऐक. खोलीला खिडकी नाही, भिंतींना काळा फोम, कीबोर्डची एक पट्टी दाबली की वर यायला तयार नसते. समोरच्या पडद्यावर दिवसभर कोणी ना कोणी मरत असतं. सकाळी आजी, जेवणाच्या आधी सून. मालिकेतली माणसं पटकन मरतही नाहीत, तीन-तीन भाग घेतात. दिग्दर्शक माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणतो, अजून दुःखी कर. केलं. अजून. अगं, सगळ्यात खालची पट्टी दाबून झाली, त्यापुढे टेबल लागतं! मग म्हणतो, दुःख पाहिजे, पण लोकांना जेवता जेवता बघवेल असं. हे कुठल्या भांड्यात मोजू ते त्यालाच विचार.

आता मुद्द्याचं. माझा तुकडा तयार होईपर्यंत इथला एडिटर दुसराच कुठला तरी तुकडा त्या प्रसंगाखाली लावून ठेवतो. नंतर तो काढायचा आणि माझा घालायचा. पण रोज ऐकून सगळ्यांचा त्याच्यावरच जीव जडतो, आणि मला सांगतात, असंच कर, पण हे नको. गेल्या मंगळवारी मी बाहेर गेलो असताना एडिटरने माझ्या कॉम्प्युटरमधून असाच एक तुकडा उचलला. तो माझा नव्हताच. तू मागच्या हिवाळ्यात पाठवलेला बाबांचा आवाज होता.

बघ, बरे आहेत, गुणगुणताहेत, असं सांगायला तू तो आपल्या टेलरिंगच्या दुकानात चोरून फोनवर घेतला होतास. शिवताना बाबा कधी गुणगुणत नाहीत, फक्त टाके उसवताना. तोंडात टाचण्या, ओठ मिटलेले, म्हणून सगळा सूर नाकातून येतो. चाळीस सेकंद, आणि शेवटी तुझी शिंक. स्वतःसाठी शिवायला घेतलेला कोट अर्धा टाकून मी निघून आलो, त्यानंतरच्या दोन वर्षांत बाबांचा आवाज मला तेवढाच मिळालाय.

मी परत आलो तर पडद्यावर मालिकेतले वडील शेवटचा श्वास घेत होते, खाली बाबा गुणगुणत होते, आणि दिग्दर्शक, जो स्वतःच्या लग्नातही हसला नसेल, तो डोळे पुसत होता. मेकअपवाल्या बाई दारातच थांबल्या होत्या. हे कुठलं वाद्य, म्हणून दिग्दर्शकाने विचारलं. पाठीवर थाप पडली, इथे आल्यापासूनची पहिली. खरं सांगतो, ती मी घेतली.

पण प्रसंग दीड मिनिटाचा, आवाज चाळीस सेकंदांचा. हेच लांबव, असा हुकूम. मग मी इथल्या कोपऱ्यावरून टाचण्या विकत आणल्या, तोंडात धरल्या आणि गुणगुणलो. ओठाला टोचून घेतलं. सूर अगदी बाबांचाच लागला, माझा मीच दचकलो. दिग्दर्शकाने ऐकलं आणि म्हणाला, "यात घाई आहे." ताई, हे मी पहिल्यांदा कुठे ऐकलंय, ते तुला सांगायला नको. माझी प्रत्येक शिवण बाबांनी याच तीन शब्दांनी उसवली.

वैतागून तुला पत्र लिहिलं, की बाबांना कळू न देता आणखी दोन मिनिटं आवाज घे. ते फाडलं. कारण पाकीट शोधता शोधता तो प्रसंग अकराव्यांदा चालू झाला, बाबा गुणगुणायला लागले आणि समोर माणूस मेला. अकरा वेळा मी ते बसून बघितलं, आणि बाबा तिकडे धडधाकट, दुकानात. माझ्या हाताने तो तुकडा काढला. त्याच्या जागी साधं व्हायोलिन घातलं. दिग्दर्शक म्हणाला, पुढच्या मालिकेला दुसरा माणूस बघतो. बघू दे. त्या वडिलांना म्हणे पुढच्या महिन्यात परत जिवंत करणार आहेत, प्रेक्षक ऐकत नाहीत. यांना ते जमतं.

म्हणून हे दुसरं पत्र. मी शनिवारी येतोय. माझा तो राखाडी कोट, बाह्या न लावलेला, अजून दुकानात टांगलेला आहे असं तू म्हणाली होतीस. बाबांना माझ्याबद्दल दुसरं काही सांगू नकोस, माफीबिफी तर नकोच, ते उठून आत जातील. एवढंच सांग, की बसून बसून तुमच्या भिंगरीचं अंग सुटलंय, कोट छातीत होणार नाही, सगळा उसवावा लागेल. चिडतील, चिडू दे. मी आलो की माझा फोन घेऊन कपाटात ठेव, आणि तुझाही. मला फक्त त्यांच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचंय. शेवटचा टाका निघेपर्यंत उठणार नाही.

तुझाच, बूड न टेकणारा
भिंगरी