खालचं खाचर आणि तीन मॉनिटर

७ जुलै, सोमवार
आजपासून आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, दहा दिवसांची रजा. मोखाड्याच्या ऑफिसात साहेबांना म्हटलं, शेतकऱ्याचा मुलगा आहे, चिखल बोलावतो. साहेब म्हणाले, जा, पण कपाटाची चावी ठेवून जा.

घरी येतो तो बाबांनी जाहीर केलं की या साली त्यांचे गुडघे खाचरात उतरणार नाहीत. वरचं खाचर वर्षा लावेल, खालचं मी. वर पुस्ती जोडली की खालच्या खाचराचा भात आपण वर्षभर खातो, एवढं ध्यानात ठेव. नवरा-बायकोच्या कामाची अशी उघड तुलना मला पसंत नाही. पण निकाल ठरलेलाच आहे.

संध्याकाळी नवीन कॉम्प्युटर लावला. तीन मॉनिटर. त्यातले दोन जव्हारच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतले. शेती आता डोक्याने करायची. डावीकडे हवामान, उजवीकडे भाताच्या जाती, मध्ये ट्रॅक्टरचा गेम. गेम म्हणणं चूक आहे, तो अभ्यास आहे. कौलं गळतात म्हणून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला वरपासून खालपर्यंत प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला, पाणी काय, हवाही आत जाणार नाही. शहरातल्या लोकांना हे सुचत नाही.

८ जुलै
मधल्या स्क्रीनवर चारशे एकर गहू कापायला आला होता. हार्वेस्टर सुरू केला आणि तिन्ही स्क्रीन काळ्या. मेसेज आला: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आहे. चार वेळा केलं, चार वेळा तेच.

आज नवसूकाकाकडे आवणी. आमच्याकडे हे काम एकमेकांच्या हातांनी चालतं. मी तुझ्याकडे एक दिवस, तू माझ्याकडे एक दिवस. वर्षा सकाळीच गेली. मी निरोप पाठवला की तांत्रिक अडचण आहे, दुपारी येतो.

दुपारी गेलो. रेंज त्याच्या बांधावरच येते, म्हणून तिथे बसून ग्राफिक्स कार्डांवरची चर्चा वाचली. मधून मधून खालच्यांना सांगत होतो की ओळ सरळ धरा, रोप फार खोल खुपसू नका. मार्गदर्शन हेही कामच. नागलीच्या तीन भाकरी, सुकटीची चटणी. त्याच्या बायकोच्या, कमूकाकीच्या, हाताला चव आहे.

९ जुलै
ड्रायव्हरच. खात्री आहे. जुना काढला, नवा टाकला, नवा काढून त्याहून जुना टाकला. यात दिवस गेला. हार्वेस्टर सुरू, स्क्रीन काळ्या.

वर्षाने विचारलं, डोळे दोन असताना स्क्रीन तीन कशाला. तांत्रिक प्रश्न असा शरीरावर नेऊ नये.

११ जुलै
गोकुळकडे आवणी. मी आणि तो एका बाकावर शिकलो, न जाणं बरं दिसत नाही. चिखलात उतरलो, दहा मुठी रोपं लावली आणि एकदम डोक्यात आलं: केबल! तसाच घरी पळालो. गोकुळ मागून हाका मारत होता, पण शोध लागत असताना थांबायचं नसतं.

केबली अदलाबदल केल्या. आता हवामान मध्ये येतं आणि ट्रॅक्टर डावीकडे. बंद मात्र तिन्ही एकदम पडतात. जेवायला गोकुळकडे परत गेलो. तो कमी बोलत होता. दमला असावा.

१३ जुलै, रविवार
यश.

सकाळी वर्षा लक्ष्याकडच्या आवणीला निघाली. तिचा रेनकोट फाटलाय म्हणून कॅबिनेटवरचा प्लास्टिकचा कागद ओढून डोक्यावर घेतला. मला न विचारता. मी दुर्लक्ष केलं, कारण तेव्हाच तिसऱ्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट साठवरून एकोणसाठ केला होता. आणि काय! चार तास अखंड चालला. सगळा गहू घरात. लक्ष्याला निरोप पाठवला की तांत्रिक अडचण सुटल्याशिवाय येता येणार नाही. ती सुटलीच होती, पण खात्री करायला हवी.

एकोणसाठ हा आकडा मी निव्वळ अनुभवाने काढला. इंटरनेटवर जगासाठी लिहून ठेवला. ब्राझीलच्या एका माणसाने आभार मानले.

संध्याकाळी नवा, जाड कागद आणून कॅबिनेट परत नीट गुंडाळलं.

१४ जुलै
बंद. अठ्ठावन्न केला. बंद. सत्तावन्न. उतरत्या क्रमाने जायचं ठरवलंय.

दुपारी मंगेशच्या गिरणीवर संशय आला. त्याला जाऊन बजावलं की तू दळण घातलंस की माझं कार्ड मरतं. तो म्हणाला, पट्टा तुटून गिरणी चार दिवस बंद आहे. म्हणजे बंद गिरणीचाही परिणाम होतो. हे नवीन कळलं.

ब्राझीलच्या माणसाने आभार मागे घेतले.

१५ जुलै
बाबा रोपांच्या राबावर जाऊन आले. म्हणाले, रोपं पिवळी पडायला लागलीत, अजून दोन-चार दिवस गेले तर लावून उपयोग नाही. मी त्यांना शांत केलं. उद्या आमचीच आवणी. नियोजन तयार आहे: सगळे मिळून दुपारपर्यंत खालचं खाचर उरकतील, मग मी पंचावन्नपासून पुढे सुरू करीन.

वर्षाने विचारलं, तुझ्या खाचराला कोण कोण येणार. म्हटलं, ज्यांच्या ज्यांच्याकडे मी गेलो ते सगळे. ती बरं म्हणाली.

१६ जुलै, बुधवार
सकाळी वर्षाच्या सहा बायका वरच्या खाचरात उतरल्यासुद्धा. मी खाली एकटा, मुठी घेऊन उभा.

आधी लक्ष्याचा निरोप आला की तांत्रिक अडचण आहे. लक्ष्याकडे कुदळीपलीकडे तंत्र नाही.

मग गोकुळ आला. दहा मुठी लावल्या, एकदम कपाळावर हात मारला आणि घरी पळाला. जेवायच्या वेळेला परत आला.

नवसूकाका दुपारी आला. धुतलेले कपडे. बांधावर ऐसपैस बसला आणि फोन काढला. फोन बटणांचा आहे, त्यात तो काय वाचत होता कोण जाणे. मधून मधून मला सांगायचा की ओळ सरळ धर, देवानंद, रोप फार खोल नको खुपसू. तीन भाकरी खाल्ल्या. जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाला, आता आपलं फिटलं रं, मनात काही नाय.

वरच्या बायकांचं उरकलं तेव्हा मी कमूकाकीला हाक मारली की जरा खाली या. ती म्हणाली, आमचं देणं वर्षाचं होतं, ते दिलं. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग वर्षा एकटीच खाली उतरली. शेजारी वाकली आणि लावायला लागली. मला खरंच लाज वाटली. मी म्हटलं, तुझा हा दिवस मी फेडीन, तुझ्या खाचरात एक दिवस देईन. ती मान वर न करता म्हणाली, माझं खाचर झालं. तुझा दिवस घेऊन मी काय करू?

पुढची मूठ उचलली. वाकलो.

अंधार पडेपर्यंत पाऊण खाचर लागलं. उरलेलं ती उद्या लावणार आहे, मला ऑफिस आहे. या पाऊण खाचरातलं माझं किती, ते लिहीत नाही.