धुलाईघराचा आनंद आणि माझी प्रश्नावली

ती. मावशीला वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात जमलं नसतं, पत्रात पूर्ण वाकले आहे असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? काका कानाचं यंत्र लावतात, की तू बोलायला लागलीस की ते अजूनही डबीतच असतं?

तर बातमी अशी, की तुझी भाची जिंकली. मन किती बरं आहे हे मोजणारी ती परकी प्रश्नावली मी आपल्या भाषेत आणत होते ना, तीच. नुसतं भाषांतर करून भागत नाही. दुसऱ्याकडून ते उलट मूळ भाषेत करून घ्यायचं, मग लोकांना काय समजलं ते विचारायचं, आणि शेवटी त्याच लोकांकडून पंधरवड्याने पुन्हा भरून घ्यायचं. उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची. (काका म्हणतील, सरळ "बरं आहे ना?" विचारावं. पण त्यावर सगळेच "बरं आहे" म्हणतात, म्हणून तर हा खटाटोप.)

"मला मोकळं वाटलं" हे माझं लाडकं वाक्य. उलट भाषांतर करणाऱ्या बाईंनी त्याचं "मी बेकार होते" केलं. मी रुसले. पण रुग्णालयाच्या धुलाईघरात विचारायला गेले, तर इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, "मोकळं बसायला इथे वेळ कुणाला आहे?" "मला हलकं वाटलं" याला चादरी पिळणाऱ्या भाऊंनी ठाम नकार दिला, त्यांचं वजन वाढलं होतं. मग मी निमूटपणे "मनावर ओझं नव्हतं" असं लिहिलं आणि कुणी अडखळेना.

खरा घोळ पुढे झाला. धुलाईघरवाल्यांची पहिली फेरी मी घेतली, पंधरवड्यानंतरची दुसरी आमच्या मदतनीस बाईंनी; आणि पाहते तो काय, पहिल्यांदा "कधीच नाही" म्हणणारे सगळे आता "नेहमी" म्हणत होते. आमचे आकडेतज्ज्ञ (यांना सगळे दशांश म्हणतात, कारण पूर्ण आकड्यावर त्यांचा विश्वास नाही) बैठकीत म्हणाले, "ही रबराची फूटपट्टी आहे. बंद करा." बंद म्हणजे रुग्णालयात मनाच्या तपासणीला सध्याचं जुनं बोजड भाषांतरच चालू राहणार, जे न समजल्यामुळे धडधाकट माणसं आजारी ठरतात आणि आजारी माणसं घरी पाठवली जातात.

तडक धुलाईघर गाठलं. आत लोक गात होते. मधल्या काळात त्यांच्या मुकादमाची जुन्या सामानाच्या गोदामात बदली झाली होती! (हा मनुष्य यंत्रांच्या वरताण ओरडायचा.) मी परत बैठकीत जाऊन म्हटलं, "सर, ताप उतरल्यावर पारा खाली आला, तर थर्मामीटर फेकून देता का?" मग मुदत मागून घेतली आणि शेजारच्या शिवणखात्यात, जिथे काहीच बदललं नव्हतं, दोन्ही फेऱ्या नव्याने केल्या. उत्तरं टाक्याला टाका जुळली. दशांशांनी तीनतीनदा आकडेमोड केली, चष्मा पुसला आणि "चालेल" म्हणाले. मावशी, त्यांच्या तोंडून हा सत्कारच. पुढच्या महिन्यापासून तपासणीला माझी प्रश्नावली!

धुलाईघरवाल्यांच्या दुसऱ्या फेरीत एकाचीच गुणांची बेरीज घसरली होती, मुकादमाची. मी गोदामात गेले. मोडक्या खाटांमध्ये एकटाच बसला होता. म्हणाला, "लोकांशी जवळीक वाटली का, हे इथे कुणाला धरून लिहायचं?" परत येताना इस्त्रीवाल्या बाईंना सहज सांगितलं. आता दुपारच्या चहाला धुलाईघरवाले त्याला बोलावतात; आवाज दाराबाहेर ठेवून यायची अट आहे आणि तो ती पाळतो.

तुझी विजयी भाची

ता. क. सोबत दोन प्रती आहेत. तू आणि काकांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून भरा. त्यांची उत्तरं तू सुधारायची नाहीत.

ता. क. आणखी एक. रीत म्हणून मीही भरली. दशांशांनी बेरीज पाहिली, दार लोटलं आणि पहिल्यांदाच पूर्ण आकडा उच्चारला: "एक आठवडा सुट्टी." तेव्हा शनिवारी तुझ्याकडे येते. आईला काही कळवू नकोस. मला मागच्या खोलीत झोपू दे, आणि उठल्यावर कसं वाटतंय ते विचारू नकोस.