सासऱ्यांची केकतुला

३ डिसेंबर, सकाळी

दोन संकल्प. पहिला, संध्याकाळची भजी बंद. माझं वजन सध्या अडुसष्ट किलो. काट्यावर चढलो नाही, पण माणसाला आतून कळतं. दुसरा, २१ तारखेला हट्ट्याला, सासुरवाडीत, सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस गाजवायचा. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण सासरे एकदाही मला ‘छान केलं’ म्हणाले नाहीत. या वेळी म्हणतील. मनाला फार लागलंय ते.

४ डिसेंबर

बायकोला बेत सांगितला. पद्मजा म्हणाली, सगळे करतात तशी गूळतुला करू. एका पारड्यात बाबा, दुसऱ्यात गूळ, आणि नंतर तो गूळ नरसीच्या अन्नछत्राला दान. मी म्हणालो, गूळ कोणीही करतं. आपण केकतुला करू. बिनअंड्याचा. पद्मजाने कपाळाला हात लावला. थक्क झाली असावी.

सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, “काहून?” मी तो होकार समजलो.

७ डिसेंबर

हिंगोलीत रिझवानच्या बेकरीत गेलो. तो केकची ऑर्डर पौंडात घेतो. सासरे दवाखान्यात ब्याऐंशी किलो भरले होते. किलो आणि पौंड यांच्यात २.२ चा हिशोब असतो, हे मला शाळेपासून पाठ आहे. प्रश्न एवढाच, की गुणायचं का भागायचं. इथे पाठांतर कामाचं नाही, डोकं लागतं. मैल किलोमीटरपेक्षा मोठा. इंच सेंटिमीटरपेक्षा मोठा. गॅलन लिटरपेक्षा मोठा. इंग्रजांनी लहान माप कधी ठेवलंच नाही. म्हणजे पौंड किलोपेक्षा मोठा. म्हणून भागायचं.

सदतीस पौंड. वर जे थोडं उरतं ते मेणबत्त्यांत जाईल.

रिझवान म्हणाला, “सर, तुला के लिए इत्ते में नहीं होता. पौंड तो आधे किलो से भी कम रहता.” बेकरीवाल्यांचा पौंड लहान असतो, अशी मला शंका होतीच. मी ठणकावून सांगितलं, मला पूर्ण पौंड पाहिजे, इंग्लंडमधला. तो म्हणाला, “जैसा आप बोलो, सर.” माणूस मुळात सज्जन आहे.

भजी: एकच प्लेट. गाडा बेकरीच्या अगदी समोर उभा राहतो, त्याला मी काय करणार?

१२ डिसेंबर

आमची जाई मोबाईलवर काहीतरी काढून मला दाखवायला आली. मी पाहिलं नाही. आठवीतल्या पोरीने पतसंस्थेच्या सीनियर क्लार्कला हिशोब शिकवायचा? ती आईकडे गेली. मग दोघी स्वयंपाकघरात खूप हसत होत्या. घरात आनंदाचं वातावरण आहे.

१८ डिसेंबर

पद्मजा म्हणाली, “असू द्या, थोडा गूळ सोबत घेऊ.” मी दुखावलो. नाही म्हणजे नाही.

भजी: दोन प्लेट. दुखावलो होतो.

२१ डिसेंबर, सकाळी

केकसाठी टेंपो ठरवला होता. तीन मजली केक आहे. रिझवानने एकट्याने उचलून आत ठेवला. ब्याऐंशी किलो! काय ताकद आहे माणसाची!

२१ डिसेंबर, संध्याकाळ

लिहू नये असं वाटतंय.

हळदीच्या गोदामातला जुना तराजू अंगणात आंब्याला टांगला होता. सासरे फेटा बांधून पारड्यात बसले. पारडं जमिनीला टेकलं. दुसऱ्या पारड्यात केक ठेवला. काहीच झालं नाही. मी म्हणालो, तराजू गंजलाय. कोणीतरी तेल घातलं. तरी काही नाही. मग जाई सगळ्या गावासमोर म्हणाली, “बाबा, गुणायचं होतं. एकशेऐंशी पौंड लागले असते.”

गाव हसलं. पद्मजाही हसली. पोटच्या पोरीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

सासरे बसल्या जागेवरून म्हणाले, “आता तुमीच बसा, जावईबापू. मुहूर्त टळून राहिला.” मी मनात पटकन हिशोब केला. हा केक म्हणजे साधारण सतरा किलो. माझे अडुसष्ट धरून पंच्याऐंशी. जवळजवळ बराबर. रुबाबात जाऊन बसलो. सासरे एकदम वर गेले आणि फेटा खाली पडला.

केकचा एक मजला उतरवला. मग दुसरा. मग तिसराही. पारड्यात मी एकटा उरलो तेव्हा काटा मधोमध आला. ब्याऐंशी.

टाळ्या वाजल्या. केक लेकरांना वाटला. मी उतरायला लागलो तर सासरे म्हणाले, “तुलेतली वस्तू घरी न्यायची नसते. उद्या नरसीला पोचवा.” मला वाटलं, गंमत करतात.

२२ डिसेंबर, नरसी

गंमत नव्हती. पद्मजाने टॉवेल आणि बनियन भरून दिले. अन्नछत्रात बटाटे सोलतोय. दान म्हणून आलोय. सासऱ्यांच्या नावाने पावतीही फाडली.

संकल्प: इथे असं काम करायचं, की ते सासऱ्यांच्या कानावर जाईल.

२४ डिसेंबर

आचारी ग्यानोबा म्हणाले, आमटीला अर्धा किलो मीठ मोजून टाका. काटा होता समोर. पण माणसाला आतून कळतं.

पहिल्या पंगतीला ताक वाढून वेळ निभावली. आमटी पुन्हा केली. सासऱ्यांच्या कानावर गेलं.

२५ डिसेंबर

ग्यानोबांनी हट्ट्याला फोन केला. मी भिंतीआडून ऐकलं. “तुमचं दान वापस घेऊन जा मालक. त्याच्यापरीस गूळच द्या.”

दुपारी सासरे स्वतः जीप घेऊन आले. गुळाच्या ढेपी आणल्या होत्या, माझ्या वजनाइतक्या. त्या मीच उतरवल्या. सगळ्याच्या सगळ्या, एकट्याने. घाम पुसत जीपमध्ये बसतो न बसतो तोच मागून सासऱ्यांचा आवाज आला, “छान केलं.”

सतरा वर्षांनी! वळून पाहिलं.

ते ग्यानोबांशी बोलत होते. “छान केलं, लवकर फोन केला ते.”