उत्तर येईपर्यंत थांब

४ नोव्हेंबर

आले एकदाची! बॅग ओढत जिना चढले, कुलूप उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खोलीतल्या खिळ्याला स्वतःची किल्ली अडकवली. रुग्णालयाच्या आवारातच मिळालेली ही खोली म्हणजे एक खाट, एक टेबल, भिंतीतलं कपाट आणि सकाळचं भरपूर ऊन. आईला फोन केला. तिनं आधी दाराच्या कडीबद्दल विचारलं, मग पगाराबद्दल, आणि जेवलीस का हे सगळ्यात शेवटी. म्हणजे ती फारच काळजीत आहे.

मुलांचं हे जुनं रुग्णालय बंद झालंय. मुलं नव्या इमारतीत गेली. मागं राहिलेली यंत्रं नीट बंद करून पाठवायची, हे माझं काम. साहेब ‘उरका’ सोडून दुसरं क्रियापद वापरत नाहीत, म्हणून पाठीमागं त्यांना सगळे उरकासाहेब म्हणतात. वॉर्डातलं सामान बांधायला एक सिस्टर राहिल्या आहेत. मला पाहताच म्हणाल्या, तू मशीन बंद करायला आलीस की मशीन तुला बंद करणार गं, फुंकर मारली तर उडशील. तेव्हापासून मी मशीनबाई.

बाबांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून मला बरीच वर्षं थोरल्या काकूनं घरीच शिकवलं. काकूच्या शाळेला घंटा नव्हती, सुट्टी नव्हती, नुसती तपासणी होती. उत्तर बरोबर आलं तरी विचारायची, कशावरून? त्यामुळे मी दाराची कडी अजून दोनदा बघते. मुलाखतीत हे गुण म्हणून सांगितलं आणि त्यांना पटलंसुद्धा!

६ नोव्हेंबर

आज सगळी जोडणी समजून घेतली. इथं एक फार चांगली सोय होती. ज्या मुलांना संसर्गाच्या भीतीनं कुणाला भेटू देत नसत, त्यांच्या आईबाबांसाठी तळमजल्यावर बोलायची खोली केली होती. आई तिथं माइकसमोर बसून गोष्ट वाचायची आणि वर मुलाच्या उशाशी ती ऐकू यायची. उशाशीही एक बारका माइक असे, म्हणजे मूल हुंकार देऊ शके. शिवाय आवाज साठवला जायचा. आई घरी गेली तरी गोष्ट पुन्हा ऐकता येई.

हे सगळं चालवणारा सर्व्हर म्हणजे सिस्टरांचा ‘म्हातारा’, कारण तो सारखा धापा टाकतो. आवाज मात्र म्हाताऱ्याच्या पोटात नाहीत. ते शेजारच्या कपाटात, साठवणपेटीत आहेत, आणि दोघांच्या मध्ये नेटवर्कची केबल. पेटी नव्या इमारतीत जाणार, म्हातारा भंगारात.

बंद करायचा क्रम ठरलेला असतो. आधी चालू कामं थांबवायची, मग म्हाताऱ्यानं पेटी सोडायची, मग नेटवर्क, शेवटी वीज. क्रम चुकला तर म्हातारा पेटीला हाका मारत बसतो आणि पेटीला त्या ऐकूच जात नाहीत. मी क्रम कागदावर लिहून टेबलाला चिकटवलाय. सिस्टर म्हणाल्या, लग्नातही असाच चिकटव, नवरा घाबरून राहील.

८ नोव्हेंबर

म्हातारा बंद होत नाही. क्रम तंतोतंत पाळला. सगळी कामं थांबली, आणि पेटी सोडायच्या वेळी तो अडला. पेटी वापरात आहे, म्हणतो. इमारतीत मी आणि सिस्टर सोडून कुणी नाही, वापरणार कोण?

शोधलं तर एकच फाईल उघडी निघाली. दोन वर्षांपासून उघडी. वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेसाठी. ती धरून बसलेलं काम थांबवायला सांगितलं; थांबलं नाही. सक्तीचा हुकूम दिला, तरी तिथंच. मग लक्षात आलं, माझ्या जागी आधी असलेल्या माणसानं मांडणी करताना ‘उत्तर येईपर्यंत थांब’ असं लावून ठेवलंय. ‘थोडा वेळ बघ, नाहीतर सोडून दे’ असंही लावता येतं, पण मग एखादा आवाज अर्धवट राहण्याची भीती. बिचाऱ्यानं काळजीपोटीच केलं असणार. अशा कामाला मारता येत नाही. त्याला हुकूम ऐकूच जात नाही. ते वाट बघत असतं.

उरकासाहेब म्हणाले, वायर उपटा, उरका. पण उघड्या फाईलवर वीज तोडली तर पेटीतले शेजारचे आवाजही खराब होऊ शकतात. कुणाकुणाच्या आयांचे आवाज आहेत ते. काकू सांगायची, ‘झालं का’ असं विचारल्याशिवाय कुणाच्या पुढचं ताट उचलू नये. साहेबांना हे सांगितलं नाही. फक्त चार दिवस मागून घेतले.

९ नोव्हेंबर

दुपारी वॉर्डात जाऊन आले. खाटा गेल्यात. फरशीवर त्यांच्या पायांचे फिकट चौकोन आहेत. खिडकीजवळच्या भिंतीत चार भोकं आणि कापलेली वायर. स्पीकर नाही, माइक नाही, काही नाही.

खाली येऊन त्या खाटेच्या माइकच्या आवाजाची रेषा पडद्यावर लावली. रेषा सपाट असायला हवी. ती हलतेय. वर, खाली. वर, खाली.

हेडफोन लावला. श्वास आहे. लहान मुलाचा. आवाज होऊ नये म्हणून जपून घेतलेला.

१० नोव्हेंबर

फाईल सुरुवातीपासून ऐकली. एक बाई समुद्र बघायला निघालेल्या गोगलगायीची गोष्ट वाचतात. मध्येमध्ये खोकतात. गोगलगाय वाळूच्या शेवटच्या टेकडीशी पोचते, एवढ्यात कुणीतरी दार वाजवतं. बाई म्हणतात, थांब हं बाळा, आलेच मी. खुर्ची सरकते. मग काही नाही. त्यापुढं नुसता रिकाम्या खोलीचा आवाज.

सिस्टरांना श्वासाचं सांगितलं आणि ही फाईल कुणाची, विचारलं. त्या उशांचे गठ्ठे बांधत होत्या, बांधतच राहिल्या. म्हणाल्या, दार मीच वाजवलं होतं गं. पोरीची तब्येत एकदम घसरली, म्हणून आईला वर बोलावलं. खोकला होता म्हणून त्यांना झगा, मास्क, हातमोजे, सगळं घालायला लावलं. नियम होता. झग्याची दोरी बांधून होईपर्यंत संपलं होतं. सहा वर्षांची होती. शेवटपर्यंत स्पीकरकडं तोंड करून होती. म्हणत होती, गप्प बसा, आई येतेय.

बोलायच्या खोलीत गेले. ती त्या दिवसापासून बंदच ठेवली होती, तरी माइकवरचा लाल दिवा अजून लागलेला आहे. पुस्तक पालथं पडलंय, त्याच पानावर.

११ नोव्हेंबर

सिस्टर नको म्हणत होत्या, तरी नंबर घेतला आणि त्या आईंना फोन केला. काय बोलायचं ते आधी लिहून काढलं होतं. म्हटलं, एक फाईल अडकलीय, आपण येऊन तेवढं पान पुरं केलंत तर. श्वासाचं सांगितलं नाही. मग राहवलं नाही, तेही सांगितलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, बाई, माझी मुलगी गेली त्याला दोन वर्षं झाली, हे तुमच्या मशीनला सांगा. आणि फोन ठेवला.



१३ नोव्हेंबर

उद्या सकाळी वायर उपटणार असं साहेबांनी बजावलं. दुपारी हेडफोनमध्ये त्या पोरीला मुसमुसताना ऐकलं. रडू दाबायचं, आणि मध्येच थांबून कानोसा घ्यायचा.

मी बोलायच्या खोलीत गेले. पुस्तक उचललं. उरलेलं दीडच पान होतं. आवाज आईंसारखा मऊ काढायचा प्रयत्न केला. पहिल्या वाक्याला काही नाही. दुसऱ्याला हुंकार आला. हं. मग प्रत्येक वाक्याला. गोगलगायीनं समुद्र पाहिला, गोष्ट संपली. लाल दिवा आपोआप विझला.

फाईल बंद झाली. म्हाताऱ्यानं पेटी सोडली. मग नेटवर्क, मग वीज. पंखे हळूहळू थांबले आणि खोलीत एवढी शांतता झाली की मला रडू आलं. सिस्टरांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, सुटली गं पोर, पुण्य लागेल तुला.

१५ नोव्हेंबर

पेटी गेली. म्हातारा कपाटातून काढला, भिंतीशी ठेवलाय. माझ्या खोलीत बसून अहवाल लिहीत होते. स्वच्छ ऊन होतं. मागून, खाटेवरून, अगदी स्पष्ट,

मग?

वळून पाहिलं. कुणी नव्हतं. चादरीला बसल्यासारखा खळगा पडला होता.

१६ नोव्हेंबर

मग? मग काय झालं? सारखं. सांगितलं नाही की मुसमुसणं सुरू होतं. गोगलगाय परत निघाली, म्हटलं. मग? वाटेत तिला मुंगी भेटली. हं. मग?

जिन्यात, नळाशी, सगळीकडं बरोबर. सिस्टरांना ऐकू येत नाही. विचारलं तर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतात.

तिला वाट बघायची होती. आईची. आईची जागा रिकामी होती म्हणूनच ती तिथं थांबून होती – आणि मी ती भरली. उत्तर दिलं. माझं उत्तर.

१८ नोव्हेंबर

झोप नाही. गोष्टी संपत आल्यात. मध्ये थांबले की माझ्या डाव्या हाताची बोटं कुणीतरी एकेक करून धरतं. थंडगार आहे. पण घट्ट नाही. लहान मूल रस्ता ओलांडताना धरतं, तसं.

आज फोन आला. त्या आईंचा. म्हणाल्या, त्या दिवशी तुटक बोलले, राग मानू नका. तेव्हापासून जेवण जात नाही. मी उद्या येते. ते पान वाचते. उशीर नाही ना झाला?

मी म्हटलं, या.

दुसरं काय म्हणणार होते – काय –

१९ नोव्हेंबर

त्या आल्यात. केसांना तेल लावून, नीट विंचरून आल्यात. सोबत मुलीचा स्वेटर आणलाय. मी सगळं सांगितलं. फाईल बंद झाल्याचंही. ओरडतील वाटलं, नुसती मान हलवली. म्हणाल्या, पण आहे ना ती? कुठं आहे?

माझ्या खोलीत, म्हटलं.

त्या खाटेवर बसून वाचतायत. पहिल्या पानापासून. खोकला नाही आता, आवाज स्पष्ट आहे. मी दाराशी जमिनीवर बसून लिहितेय, कारण उजवा हात रिकामा राहिला की ती –

ती खाटेकडं जात नाही. माझ्या पाठीमागं लपलीय. मी हळूच म्हटलं, जा, आई आलीय बघ. जा ना बाळा. उठून बाहेर जायला निघाले तर तीही उठली.

त्या टेकडीपाशी पोचल्या. थांबल्या. खोलीभर बघतायत. स्वेटर पुढं धरलाय. मी आलेय, म्हणतायत. बघ, आले मी.

माझ्या कानाशी –

ह्या कोण?

आई विचारतायत काही ऐकू आलं का. काय म्हणाली ती. सांगा ना, काय म्हणाली. हसतायत. रडतायत. मी काय – खोटं सांगू? म्हणू, की तुमचंच नाव –

डावा हात तिनं केव्हाच धरलाय. आता दुसराही हात मागतेय. मग? म्हणतेय. आई उठून इकडं येतायत, हात पुढं करून, आणि ती घाबरून माझ्या ह्या लिहित्या हाताला –