चार डब्यांतली टोमॅटोची सालं

मंगळवार, ताथवडे

पोटातल्या जंतूंच्या तपासणीची दोन नवी किट आज लॅबमध्ये ताडून पाहिली. शौचाचे नमुने चाकणच्या एका कँटीनमधल्या चार आचाऱ्यांचे. दोन्ही किटवर चौघेही पॉझिटिव्ह. इतकं कधी जुळतं का? मी मात्र खूश. मग मायक्रोस्कोपसाठी डब्या पुन्हा उघडल्या, तर चारही डब्यांत तीच टोमॅटोची सालं. चारही नमुने एकाच माणसाचे असणार.

मुख्य आचाऱ्याला फोन केला. म्हणाला, “कामावरून काढत्याल म्हणून समद्यांनी आमच्यातल्या पैलवानाचंच दिलं, मॅडम. त्याला दगडबी पचतो.”

आणि जंतू नेमके त्यालाच. बाकी तिघांचं काय? ती सालं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

उद्या कँटीनच्या मॅनेजरकडून कबूल करून घेणारच, औषध चालू असेपर्यंत भरपगारी सुट्टी. नाहीतर किट कुठलंही आणा, डबी पैलवानाचीच येणार.